माशाच्या अंगातले तांबडे आणि पांढरे मांस : एका शोधाची हकीकत



आज आपल्याला एक हकीकत सांगायची आहे. ती ऐकण्यापूर्वी, जमल्यास, एक काम करा. बाजारातून एक ताजा बांगडा आणा. डोके बाजूला काढा, आणि मासा मधोमध आडवा कापून त्या तुकड्याच्या तोंडाकडे नीट बघा. मध्ये काटा दिसेल. काट्याच्या दोन्ही अंगांना फिकट, पांढुरके मांस दिसेल. पण कातडीला लागून, अंगाच्या साधारण मध्यावर, दोन्ही बाजूंना एकेक काळपट तांबडी पाचर आत शिरलेली दिसेल. जणू पांढऱ्या लाकडात कोणी शिसवीची पाचर ठोकली आहे. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत कुठेही कापा, ही पाचर थोडीफार सापडायचीच.

हे काय आहे?

मी नवा नवा शिक्षक होतो तेव्हा मालवणच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका शाळेत होतो. शास्त्राच्या तासाला मी एकदा असाच मासा कापून मुलांना दाखवला. हृदय दाखवले, कल्ले दाखवले. एका मुलाने या काळ्या भागावर बोट ठेवून विचारले. मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "ते साकळलेले रक्त आहे."

मागच्या बाकावर एका तांडेलाचा मुलगा बसत असे. तो उठून म्हणाला, "गुरुजी, रगात न्हय ता. रगात धुतल्यार जाता. ह्या मासच आसा. जो मासो दिसरात पेवता, तेका ता आसता. बांगड्याक आसता, गेदराक लय आसता. सरंग्याक दिसाचा नाय."

म्हणजे, रक्त धुतले की जाते, हे जात नाही, तेव्हा हे मांसच आहे. आणि जो मासा रात्रंदिवस पोहतो त्याच्यातच ते जास्त असते. सरंगा म्हणजे आपले पापलेट, त्यात ते जवळजवळ नसतेच.

मी त्याला गप्प बसवले. "पुस्तकात काय लिहिले आहे ते तुला जास्त कळते का?" असेही म्हणालो. खरे सांगायचे तर पुस्तकात याबद्दल काहीच लिहिलेले नव्हते. मुले हसली, तो खाली बसला, आणि त्या वर्षात पुन्हा त्याने काही विचारले नाही.

पुढे वाचन वाढले तेव्हा कळले, की तो मुलगा बरोबर होता आणि मी चूक होतो. इतकेच नव्हे, तर त्याने एका वाक्यात जे सांगितले, ते सिद्ध करायला मोठमोठ्या पंडितांना जवळजवळ तीनशे वर्षे लागली होती. तीच हकीकत आज सांगतो.

स्नायूंचे दोन रंग असतात ही गोष्ट घरोघरच्या चुलीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोंबडी शिजवणाऱ्या बाईला तंगडीचे मांस काळसर आणि छातीचे पांढरे असते हे कोणी शिकवावे लागत नाही. पण ते शास्त्राच्या पुस्तकात उतरले १६७८ साली. इटलीतील फ्लॉरेन्सचे स्तेफानो लोरेंझिनी यांनी त्या वर्षी विजेचा धक्का देणाऱ्या माशावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी तांबड्या आणि पांढऱ्या स्नायूंचा भेद नोंदवून ठेवला. नोंद झाली, पण त्याचा अर्थ काय हे पुढे दोनशे वर्षे कोणी फारसे विचारले नाही.

१८७३ साली पॅरिसमध्ये लुई रांव्हिए यांनी तो प्रश्न हातात घेतला. त्यांनी दोन प्राणी निवडले, एक ससा आणि दुसरे पाकट. होय, आपल्या कोळीवाड्यात मिळते त्याच जातकुळीतले, पंख्यासारखे चपटे पाकट! दोघांच्या अंगात तांबडे आणि पांढरे असे दोन्ही स्नायू असतात. रांव्हिए यांनी त्यांना विजेचा हलका झटका देऊन पाहिले. पांढरा स्नायू चटकन आकसला आणि चटकन सैल पडला. तांबडा मात्र सावकाश आकसला आणि सावकाश सैल झाला. म्हणजे फरक नुसता रंगाचा नव्हता, स्वभावाचा होता. एक तापट, दुसरा शांत.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. शर्यतीचा बैल निराळा आणि नांगराचा बैल निराळा. शर्यतीचा बैल चार क्षणांत वाऱ्यासारखा सुटतो, पण त्याला दिवसभर नांगराला जुंपून चालत नाही. नांगराचा बैल सकाळपासून दुपारपर्यंत एका चालीने चालतो, पण त्याला शर्यतीत उतरवला तर हसे होते. माशाची गंमत अशी, की त्याच्या एकाच कातडीखाली हे दोन्ही बैल बांधलेले आहेत.

पण मग हे बैल खातात काय? दोघांची वैरण एकच की वेगवेगळी? हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले.

१८०७ साली स्वीडनच्या बर्झेलियस यांना शिकारीत पळून पळून दमलेल्या सांबरासारख्या प्राण्याच्या मांसात एक आंबट द्रव्य सापडले. दही ज्याने आंबट होते तेच हे लॅक्टिक आम्ल. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९०७ साली, केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या पायावर काटेकोर प्रयोग केले. त्यांनी दाखवले, की प्राणवायू न मिळता स्नायूने काम केले तर हे आम्ल साठत जाते, आणि प्राणवायू दिला की ते कमी होऊ लागते. याचा अर्थ असा, की स्नायूला दोन तऱ्हांनी शक्ती मिळवता येते. एक, प्राणवायूच्या साहाय्याने इंधन पुरते जाळून. दुसरी, प्राणवायूवाचून इंधन अर्धवट फोडून. ही दुसरी तऱ्हा झटपट असते, पण उधळी असते. मागे आम्ल उरते, आणि साखरेच्या एका कणातून पहिल्या तऱ्हेने जेवढी शक्ती मिळते, तिचा अगदी लहान हिस्साच या तऱ्हेने हाती लागतो.

चुलीचेच उदाहरण घ्या. भाताचा पेंढा पेटवला तर भडका उडतो, पण दूध उतू जायच्या आत तो विझतो आणि मागे राख नि धूर. बाभळीचे लाकूड सावकाश पेटते, पण त्याचा निखारा रात्रभर पुरतो. पांढरे मांस म्हणजे पेंढा. तांबडे मांस म्हणजे बाभळीचा निखारा.

या भडक्याच्याही आधी एक ठिणगी लागते, आणि तिच्या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्यासह १९२७ साली स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य ओळखले. मासा दचकून पहिला फटकारा मारतो तेव्हाची शक्ती या साठ्यातून येते. हा साठा काही क्षण पुरतो. पुढे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली पिष्टासारखी साखर, फुटू लागते.

निखाऱ्याच्या बाजूचा शोध १९३७ साली लागला. इंग्लंडातील शेफील्ड येथे हान्स क्रेब्ज यांनी इंधन प्राणवायूच्या साहाय्याने पायरीपायरीने कसे जळते ते चक्र उलगडले. त्याबद्दल त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी प्रयोगाला काय वापरले होते माहीत आहे? कबुतराच्या छातीचे मांस, बारीक कुटून. कबूतर तासन्‌तास उडते, म्हणून त्याची छाती कोंबडीसारखी पांढरी नसते, गडद तांबडी असते. निखाऱ्याचा अभ्यास करायचा तर जिथे निखारा भरपूर आहे तिथेच जायला हवे.

याच कबुतरावर आपल्या जवळच, बडोद्याला, मोठे काम झाले. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राध्यापक जे. सी. जॉर्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कबुतराच्या छातीतले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना दोन तऱ्हेचे तंतू दिसले : बारीक तांबडे, त्यांत चरबी आणि ती फोडणारी पाचकद्रव्ये भरपूर; आणि जाड पांढरे, त्यांत ग्लायकोजेन जास्त. म्हणजे लांब पल्ल्याची वैरण चरबी, आणि झटक्याची वैरण ग्लायकोजेन. पुढे १९६२ साली जॉर्ज यांनी बांगड्याच्या जातकुळीतल्या मॅकरेल माशाच्या तांबड्या आणि पांढऱ्या स्नायूंवरही असाच अभ्यास प्रसिद्ध केला.

आता तांबडा रंग कशाचा, तेही सांगतो. माझ्या 'साकळलेल्या रक्ता'त एवढाच काय तो सत्याचा अंश होता, की रक्तातल्या तांबड्या द्रव्याचे एक भावंड या स्नायूत असते. त्याचे नाव मायोग्लोबिन. ते तंतूच्या आत बसून प्राणवायू धरून ठेवते. धुऊन न जाण्याचे कारण हेच. रक्त वाहिनीतून वाहते, पण हे तर तंतूच्या घरातच राहते. १९५८ साली केंब्रिजच्या जॉन केंड्रू यांनी देवमाशाच्या मायोग्लोबिनची घडण क्ष-किरणांनी शोधून काढली, आणि १९६२ साली त्यांना मॅक्स पेरुट्झ यांच्यासह नोबेल मिळाले. शिवाय तांबड्या तंतूंभोवती बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, आणि तंतूंत तंतुकणिका, म्हणजे इंधन जाळणाऱ्या अतिसूक्ष्म भट्ट्या, खच्चून भरलेल्या असतात. पांढऱ्यात हे सारे कमी.

रक्ताचा घोळ एकट्या माझाच नव्हता, हे कळल्यावर मला जरा धीर आला. जपानी लोक मासळीचे केवढे जाणकार! तेही माशाच्या या भागाला 'चिआइ' म्हणतात, आणि त्या शब्दातही 'रक्त' आहेच.

इतके झाल्यावर प्रश्न सुटला असे आपल्याला वाटेल. पण नाही. १९५६ साली नॉर्वेच्या ब्रेक्कन यांनी एक नवेच मत मांडले. त्यांना माशाच्या तांबड्या मांसात ब गटाची जीवनसत्त्वे पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सापडली. एवढी जीवनसत्त्वे तर यकृतात असतात! तेव्हा त्यांनी सुचवले, की हा भाग पोहण्यासाठी नसावाच. यकृतासारखे रासायनिक काम करून पांढऱ्या स्नायूला मदत करणारे ते एक कोठार असावे. मत चमत्कारिक वाटेल, पण निराधार नव्हते. निर्णय करायचा तर पोहणाऱ्या माशालाच विचारायला हवे, की बाबा रे, तू पोहतोस तेव्हा तुझा कोणता स्नायू काम करतो?

हे विचारले क्वेंटिन बोन यांनी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ येथे समुद्रजीवशास्त्राची जुनी प्रयोगशाळा आहे. तिथे त्यांनी डॉगफिश हा मासा घेतला. आपल्या मुशीचा हा भाऊबंद. त्याच्या तांबड्या आणि पांढऱ्या दोन्ही भागांत त्यांनी बारीक तारा बसवल्या. स्नायू काम करतो तेव्हा त्यात विजेची किंचित लहर उमटते, ती तारेने टिपता येते. मासा सावकाश, एका लयीत पोहत असताना फक्त तांबड्या भागातून लहरी आल्या, पांढरा अगदी मुका. माशाला डिवचले, तो उसळून धावला, आणि त्या क्षणी पांढरा भाग बोलू लागला.

बोन एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वैरणीचा हिशेबही तपासला. बराच वेळ सावकाश पोहलेल्या माशाच्या तांबड्या मांसातली चरबी घटलेली दिसली. जोराने पळवलेल्या माशाच्या पांढऱ्या मांसातले ग्लायकोजेन घटलेले दिसले. नांगराच्या बैलाने आपली वैरण खाल्ली होती, शर्यतीच्या बैलाने आपली. हे १९६६ साली प्रसिद्ध झाले. तांबडे मांस हे पोहण्याचेच मांस आहे, रोजच्या चालीचे मांस आहे, याचा आता सरळ पुरावा मिळाला.

"जो मासो दिसरात पेवता, तेका ता आसता." आठवले ना?

मग साहजिक शंका येते : रोजचे काम तांबडे करते, तर मासा बहुतेक पांढऱ्याचाच का बनलेला असतो? बहुतेक माशांत पोहण्याच्या स्नायूंपैकी तांबडा भाग एक दशांशाहूनही कमी असतो. बांगडा-गेदरासारख्यांत जास्त, तरी एक चतुर्थांशाच्या पलीकडे क्वचितच जातो. उत्तर पाण्यातच आहे. पाणी जड. सावकाश पोहायला थोडी शक्ती पुरते, पण वेग वाढवायचा म्हटले की लागणारी शक्ती कैक पटींनी वाढते. शत्रूच्या जबड्यातून निसटायचे ते दोन-चार फटकाऱ्यांतच. तेवढ्यासाठी मासा हा भला मोठा पांढरा फौजफाटा जन्मभर बाळगतो. जमिनीवरच्या प्राण्याला हे वजन जड झाले असते. माशाचे वजन पाणीच तोलून धरते, म्हणून त्याला हे परवडते.

मात्र सगळ्या माशांत हे वाटप इतके काटेकोर नसते. तळ्यात पाळतात त्या कार्प माशात तांबड्या आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबी तंतूंचा एक थर असतो. वेग वाढत गेला की आधी तांबडे, मग गुलाबी, मग पांढरे, असे एकेक गडी कामाला लागतात. आणि फरक नुसता आतबाहेरचा नाही, डोक्याकडून शेपटीकडेही आहे. कॉड माशात पुढच्या भागातला स्नायू झटकन आकसतो, शेपटीकडचा त्याहून सावकाश. १९९३ साली अमेरिकेत लॉरेन्स रोम यांनी स्कप नावाच्या माशात दाखवले, की संथ पोहताना बहुतेक शक्ती मागच्या भागातल्या तांबड्या स्नायूतून येते. एका वावराची माती जशी बांधापासून बांधापर्यंत सारखी नसते, तसेच हे.

आता पुन्हा त्या मुलाकडे येतो. पुष्कळ वर्षांनी मी त्या गावी गेलो. तो आता बापासारखाच तांडेल झाला होता. बंदरावर मासळी निवडत बसला होता. मी जवळ जाऊन म्हटले, "त्या दिवशी तू बरोबर होतास. मी चुकलो होतो." तो हसला. "माका याद आसा, गुरुजी," एवढेच म्हणाला. मग समोरचा एक मोठा गेदर ओढून त्याने कोयत्याने आडवा कापला, आणि तुकडा माझ्यापुढे धरला. "बांगड्याक ता कातडेलागी आसता. मग गेदराक भुतूर, हाडालागी कशाक?"

खरोखरच, गेदराचे गडद मांस कातडीपासून आत, पार कण्यापर्यंत शिरलेले होते. या खेपेला मी म्हणालो, "मला माहीत नाही. शोधून सांगतो."

शोधले तेव्हा एक निराळीच हकीकत हाती लागली. जॉन डेव्ही नावाचे एक लष्करी डॉक्टर होते, प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांचे भाऊ. आजच्या श्रीलंकेत त्यांनी काही वर्षे काढली होती. उष्ण समुद्रात पकडलेल्या गेदराच्या जातीच्या माशाच्या मांसात त्यांनी तापमापक खुपसला. समुद्राचे पाणी साडेऐंशी अंश फॅरनहाइट, आणि मासा ९९ अंश! म्हणजे पाण्याहून सुमारे १० अंश सेल्सिअसने गरम. जवळजवळ आपल्या अंगाइतका. मासा म्हणजे थंड रक्ताचा प्राणी, असे आपण शाळेत शिकवतो. डेव्हींनी ही नोंद १८३५ साली प्रसिद्ध केली.

पण कल्ल्यांतून थंड पाणी वाहत असताना मासा गरम राहतो कसा? कल्ल्यात रक्त पाण्याच्या इतके जवळ येते, की सगळी ऊब तिथेच निघून जायला हवी. याचे उत्तर टोकियोच्या कामाकिची किशिनोऊये यांच्या १९२३ सालच्या ग्रंथात दडलेले होते. त्यांनी या माशांच्या रक्तवाहिन्यांची मांडणी तपशिलाने वर्णिली. गडद मांसाजवळ रोहिणी आणि नीला यांचे केसासारखे बारीक फाटे एकमेकांना लागून, हजारोंनी रांगेने पसरलेले असतात. कल्ल्याकडून येणारे थंड रक्त एका दिशेने, आणि स्नायूकडून परतणारे गरम रक्त उलट दिशेने. परतणारे रक्त आपली ऊब शेजाऱ्याला देऊन टाकते आणि थंड होऊनच कल्ल्याकडे जाते. घरची ऊब घरातच राहते. १९६६ साली, म्हणजे बोन यांच्याच वर्षी, अमेरिकेतील वुड्‌स होल येथील फ्रान्सिस केरी आणि जॉन टील यांनी ट्यूनाच्या अंगातले तापमान जागोजाग मोजून ही गोष्ट पक्की केली. सर्वांत गरम जागा कोणती? तेच आतले गडद मांस. कातडीकडे यावे तसतसे तापमान उतरत जाते.

आता तांडेलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. गेदर जन्मभर थांबत नाही. थांबला तर कल्ल्यांतून पाणी वाहणेच बंद पडेल. त्याचा निखारा सतत पेटलेला, आणि निखाऱ्याची ऊब राखायची तर तो अंगणात ठेवून चालत नाही, घराच्या मध्यावर ठेवावा लागतो. म्हणून ते मांस "भुतूर". ऊब असली की स्नायू जोमाने चालतो. थंड पाण्यात शिरूनही या माशाचा दम टिकतो.

हे उत्तर मी त्याला कळवले. आणि त्याच्याच कामाची आणखी एक गोष्ट कळवली, ती आपल्यालाही सांगतो.

कॅनडातील एडगर ब्लॅक यांनी १९५० नंतरच्या दशकात ट्राउट आणि साल्मन माशांना पळवून दमवले आणि त्यांच्या रक्तातले लॅक्टिक आम्ल मोजले. पळणे थांबल्यावरही ते बराच वेळ चढतच राहिले, आणि पूर्ववत व्हायला अनेक तास लागले. काही मासे वरून धडधाकट दिसत असूनही काही तासांनी मेले. पुढे १९८३ साली कॅनडातल्याच ख्रिस वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष एकट्या रक्तातल्या लॅक्टिक आम्लाचा नाही. स्नायूच्या पेशींच्या आतच आम्लता फार वाढते, आणि बहुधा तीच घातक ठरते. पांढऱ्या स्नायूला रक्ताचा पुरवठा बेताचा, त्यामुळे तो आपला कचरा बाहेर पाठवण्यापेक्षा जागच्या जागीच हळूहळू पुन्हा ग्लायकोजेनमध्ये रूपांतरित करतो. शर्यतीचा बैल एकदा धावला, की त्याला विसावा हवाच.

तेव्हा, मत्स्यबीज नेणाऱ्या शेतकरी बंधूंनो, तळ्यातले मासे एकसारखे ढवळून, दमवून लगेच डब्यात भरू नका. लहान मासळी परत पाण्यात सोडायची तर ती झटापट न करता लवकर सोडा. आणि खाण्यासाठी पकडलेली मासळी जाळ्यात तासन्‌तास तडफडत ठेवू नका. तडफडून मेलेल्या माशाचे ग्लायकोजेन आधीच संपलेले असते. तो लवकर ताठतो, लवकर सैल पडतो आणि लवकर उतरतो.

घरातल्या भगिनींसाठीही एक शब्द. पुष्कळ ठिकाणी हा काळा भाग हलका समजून काढून टाकतात. त्यात लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वे पांढऱ्यापेक्षा जास्त असतात; ब्रेक्कन यांचा तर्क चुकला, पण त्यांचे मोजमाप खरे होते. मात्र त्यात चरबीही जास्त, आणि ती लवकर खवट होते. शिवाय बांगडा, गेदर यांसारखी मासळी उन्हात राहिली, तर तिच्यात अंगावर पुरळ उठवणारे विषारी द्रव्य तयार होते, आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून ही मासळी ताजी घ्या, लगेच बर्फात ठेवा, आणि मग काळा भाग निर्धास्तपणे पानात वाढा.

शेवटी शिक्षक मित्रांना एक विनंती. पुढच्या शास्त्राच्या तासाला जिथे मासळी मिळते तिथे बांगडा आणि पापलेट शेजारी शेजारी कापून दाखवा. देशावर रोहू किंवा मरळ चालेल. जिथे मुले मासळी खात नाहीत तिथे रानातल्या कबुतराच्या उड्डाणाची आणि कोंबडीच्या फडफडीची तुलना करा. मुलांना आधी काही सांगू नका. त्यांना बघू द्या, पाण्याखाली धुऊन पाहू द्या. मग विचारा. एखादे मूल असे काही बोलेल, की ते आपल्या पुस्तकात नसेल. त्या वेळी माझ्यासारखे त्याला खाली बसवू नका. रांव्हिए, बोन, किशिनोऊये यांनी काय केले? माशाकडे नीट पाहिले आणि दिसले ते तपासून घेतले. समुद्राकाठच्या पोराने निम्मे काम तर आधीच केलेले असते. तपासायला मदत करणे एवढेच आपल्याकडे उरते.

आणि उत्तर येत नसेल, तर "मला माहीत नाही, शोधून सांगतो" हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणा. मला ते म्हणायला फार वर्षे लागली.